पुढून ठकीची, मागून माझी

३ ऑगस्ट

ही वही आत्याने दिली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. म्हणाली, गाडीला रोज काय केलंस ते तारीख घालून लिहायचं. मी विचारलं, आणि काहीच केलं नाही तर? म्हणाली, तर तसं लिहायचं. मग मी वही उलटी केली आणि मागून हे सुरू केलं. पुढून गाडीचं, मागून माझं. मधे कुठेतरी आमची टक्कर होईल तेव्हा बघू.

मी इथे का आलो? कारण कॉलेजच्या शिपायाचं घड्याळ पन्नास मिनिटं पुढे गेलं. आपलं आपण नाही गेलं. त्याने घंटा दिली आणि अख्खं कॉलेज घरी गेलं. प्राचार्य तर घरी जाऊन जेवायलाही बसले म्हणे. खरं तर सगळ्यांनी माझे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मला हे सत्र घरी बसायला सांगितलं, आणि बाबांनी घरीही बसू दिलं नाही.

"आत्याकडे जा. तिची ती गाडी तीन वर्षं झाकून पडलीय, ती चालू करायची म्हणतेय. आणि जरा लक्ष ठेव तिच्यावर. एकटी राहते. किती वेळा म्हटलं आमच्याकडे ये, तर ऐकत नाही."

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. आमच्या आत्याला मिशा नाहीत, पण गल्लीतले सगळे काका तिला घाबरतात. तीस वर्षं तिची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाच्या बोटांवर तिची फूटपट्टी बसलीय. आता अडुसष्टची आहे, पट्टी अजून आहे.

दार उघडल्यावर पहिलं वाक्य: "लायसन्स आहे?"

मी पुढे धरलं. तिने हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि परत दिलं. "वाच."

"काय वाच?"

"कधी संपतं ते वाच. स्वतःचे कागद स्वतःला पाठ पाहिजेत."

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. पण मी अशा बारा आत्या पचवल्यात. महिनाभरात मी त्या गाडीच्या स्टिअरिंगवर नसलो तर नाव बदलीन.

४ ऑगस्ट

कापड काढलं. आईशप्पथ.

दोनच सीटा. इतकी बुटकी की रस्त्यात बसलेल्या कुत्र्याशी डोळ्याला डोळा भिडेल. लांबलचक नाक, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग, गडद हिरवा रंग, डोक्यावर फाटकं कॅनव्हास. वय बावन्न. नाव ठकी. आत्या तिच्याभोवती फिरली, सगळीकडे हात लावत. मागच्या मडगार्डवरच्या पोचाशी थांबली. "हा माझा. पावसात मागे घेताना. तेव्हापासून मी मागे घेताना उतरून बघते."

"आत्या, हिच्यात एअरबॅग?"

"नाही."

"पॉवर ब्रेक?"

"नाही. पट्टे मी नंतर बसवून घेतलेत, तेवढेच."

"मग अपघात झाला तर वाचवतं कोण?"

"अपघात न होणं," ती म्हणाली. "आणि ऐक. स्टिअरिंगला हात तीन आठवड्यांनी. ब्रेकला फक्त माझा हात. बाकी सगळं तुझं."

गॅरेजात एका फळीवर नऊ डबे आहेत. डावीकडून पहिला इंजिन ऑइलचा, दुसरा ग्रीसचा, तिसरा ब्रेक ऑइलचा, चौथा गाडी उचलायच्या जॅकच्या ऑइलचा, असे. तिसरा आणि चौथा एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, फक्त लेबल वेगळं. काढला डबा की परत त्याच जागी, शेजाऱ्यापासून चार बोटं लांब. मी चुकून पाच बोटं लांब ठेवला तर पट्टी बसली.

"अगं, लेबलं आहेत की डब्यांवर! जागेचं एवढं काय?"

"लेबल पुसतं. जागा पुसत नाही."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. स्टुलावर बसून हुकूम सोडते. आणि बोलताना माझ्याकडे बघतच नाही, माझ्या उजव्या कानाकडे बघते. दिवसभरात तीनदा कान धुतला. तरी बघतेच आहे.

९ ऑगस्ट

जुनं पेट्रोल काढलं, वार्निशसारखा वास येत होता. प्लग काढून घासले. ठिणगीच्या पॉइंटची फट पातळ पट्टीने मोजली. कार्बोरेटर उघडला, साफ केला, लावला, आणि एक स्प्रिंग उरली. परत उघडला.

टायर बघून मी म्हटलं, हे तर नवेच आहेत, नक्षी अख्खी आहे.

"बाजूला चार आकडे असतील. वाच."

वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष, असं तिने सांगितलं. हिशोब केला तर टायर बारा वर्षांचे.

"नखाने दाब. भेगा दिसतात?"

दिसल्या. बारीक, टाचेला असतात तशा.

"नक्षी आहे म्हणजे टायर आहे असं नाही. रबर आतून म्हातारं होतं, वरून तरुण दिसतं. माझ्या उलट." नवे चार मागवले.

दुपारी एक प्रयोग केला. माझ्याकडे रबरी बेडूक आहे, पोपटी रंगाचा, चांगला मुठीएवढा. काळ्या सीटवर मधोमध ठेवला. अगदी उन्हात. ती आली, सरळ त्याच्यावर बसली. किंचाळेल म्हणून मी बॉनेटमागे तोंड दाबून तयार. ती बसूनच राहिली. मग खाली हात घालून बेडूक काढला, दाबून बघितला, आणि म्हणाली, "तुझ्यापेक्षा शांत आहे. याला ठेवून घेते."

संध्याकाळी मी हातपाय धुवायला मोरीत शिरून दार लावलं तर कडीला आतून ग्रीस. चांगलं बोटभर. बाहेरून हसण्याचा आवाज.

म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे तर.

१३ ऑगस्ट

ठकी बोलली! नवव्या प्रयत्नात. आधी खोकली, मग शिंकली, मग अशी गुरगुरली की फळीवरचे डबे नाचले. शेजारची खिडकी उघडली. गल्लीच्या टोकाचा लेथवाला मशीन बंद करून धावत आला. तो आत्याचा सगळ्यात पहिला विद्यार्थी, परीक्षेत तीनदा नापास, अजून तिला बाई म्हणतो.

"बाई, जुन्या गाड्यांच्या फेरीला यंदा येणार म्हणा की!"

एकवीस सप्टेंबरला गावातल्या सगळ्या जुन्या गाड्या टाकीच्या डोंगरावर चढतात आणि उतरतात. शर्यत नाही. पोहोचायचं आणि परत यायचं. आत्या अठरा वर्षं गेली होती, मग तीन वर्षं नाही.

"येणार," आत्या म्हणाली. "पण माझा पाय दुखतो. चालवेल हा." आणि माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

मी शांतपणे मान हलवली. मग मागे जाऊन उडी मारली.

१८ ऑगस्ट

सकाळभर ती चाकांचे ड्रम तारेच्या ब्रशने घासायला लावत होती. एवढी धूळ उडाली की आत्याला सर्दी झाली, शिंकांवर शिंका. मला मात्र कंटाळा आला. कंटाळा आला की माझं डोकं फार चालतं.

तिसरा डबा आणि चौथा डबा बदलले.

बस, एवढंच. ब्रेक ऑइलच्या जागी जॅकचं, जॅकच्या जागी ब्रेकचं. चार बोटं अंतर मोजून. ती डबा उचलेल, लेबल बघेल, आणि "कार्ट्या!" अशी आरोळी गल्लीभर जाईल. जागा पुसत नाही म्हणे! आता बघू.

पण तेवढ्यात तिने मला गॅस्केट आणायला पिटाळलं. दुकानात गर्दी होती. परत आलो तर ती स्टुलावर बसून नाक पुसत होती. आरोळी नाही, काही नाही. मी दोनदा फळीसमोरून शीळ घालत गेलो. तरी नाही. इतका फुसका बार माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता.

१९ ऑगस्ट

डबे गुपचूप जागेवर ठेवले. जॅकचा डबा काल गळ्यापर्यंत होता, आज दोन बोटं कमी. फळीवर सांडलं असेल. पुसायला फडकं घेतलं तर फळी कोरडी. असो.

पुढच्या बाजूला लिहिलं: ड्रम साफ. गॅस्केट बसवलं. ब्रेक ऑइल आत्याने भरलं.

२४ ऑगस्ट

आज स्टिअरिंग!

गोदामामागचं रिकामं पटांगण. मी ऐटीत बसलो, चष्मा लावला, एक हात दारावर. आत्या शेजारी. हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला.

"तहान लागलीय?"

"नाही. चल."

मी निघालो. झकास निघालो. तिसरा गिअर टाकला, वारा कानात. ती म्हणाली, "थांब." मी ब्रेक दाबला. अर्धा पेला माझ्या मांडीवर.

"पुन्हा."

चौदा वेळा. विजार पिळून काढली. "पळवायला कुणालाही येतं," ती म्हणाली. "उतारावर सोडलेलं पिंपसुद्धा पळतं. ड्रायव्हर तो, ज्याला थांबता येतं. ही काही आजकालची गाडी नाही, तू चुकशील आणि ती सावरून घेईल. तू दोन गाड्यांइतकं अंतर ठेवतोस तिथे हिच्यासाठी पाच ठेव. आणि ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक पाहुण्यासारखा वापरायचा, घरगड्यासारखा नाही."

दर दोन मिनिटांनी काटे वाचायला लावते. पाण्याचं तापमान? ऑइलचा दाब? समोर कोण? किती लांब? समोरच तर दिसतंय सगळं, पण नाही, तोंडाने म्हण. मी सामन्याचं धावतं वर्णन करतात तसं सुरू केलं. "आणि डावीकडून सायकलवाला, सायकलवाला पुढे, तापमान ऐंशी, प्रेक्षकांमध्ये प्रचंड उत्साह..." तिला फारच आवडलं. म्हणाली, असंच बोलत राहा, थांबू नकोस.

मधेच डोळे मिटते आणि म्हणते, "दुसऱ्यात ये, मागतेय ती." आणि खरंच मागत असते.

पंधराव्या वेळी फक्त थोडं सांडलं. मी म्हटलं, बघ! ती म्हणाली, "बघते," आणि उरलेलं माझ्या डोक्यावर ओतलं.

२९ ऑगस्ट

पुढचं उजवं चाक गरम लागलं. हात ठेवला तर चटका. गाडी ढकलली तर जड, कुणीतरी मागून शेपटी धरल्यासारखी. पेडलही दाबल्यावर सावकाश वर येतं, झोपेतून उठल्यासारखं.

मी काही दूधखुळा नाही. घासताना मीच ड्रम काढले होते, ब्रेक जरा घट्ट बसले असणार. जॅकवर घेतली, ब्रेकचा स्क्रू दोन खटके सैल केला. चाक फिरलं! पाच मिनिटांत दुरुस्त.

ब्रेकला फक्त तिचा हात, म्हणून तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळं उघडलं असतं, आठवडा गेला असता, आणि फेरी तीन आठवड्यांवर. आत्याने रोजच्यासारखं वहीतलं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: "ब्रेक ठीक."

वाचताना जीभ जरा अडखळली. भूक लागली होती बहुतेक.

१ सप्टेंबर

अक्षर गेलं उडत, आधी लिहून काढतो.

आज सकाळी टाकीच्या डोंगरावर पहिली रंगीत तालीम. चढलो मस्त, दुसऱ्यात. वर पाच मिनिटं ठकीला श्वास घेऊ दिला. उतरताना मला वाटलं, एवढं काय, तिसऱ्यात जाऊ या. गेलो. दुसऱ्या वळणाला जळका वास. तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. खाली काहीच नव्हतं. लोण्यात पाय गेल्यासारखं.

"आत्या, ब्रेक गेला!"

मला वाटलं ती ओरडेल. ती अशा आवाजात बोलली जसं काही चहात साखर किती विचारतेय.

"पेडल मार, भराभर. येतोय?"

"नाही!"

"दुसऱ्यात घाल. क्लच सावकाश सोड."

गाडी किंचाळली, हिसका बसला, वेग पडला.

"आता हँडब्रेक. बटण दाबून धर, ओढ, सोड, ओढ, सोड. एकदम नाही. तोंडाने बोल, समोर काय?"

"वळण! कठड्याला रंग देणारा माणूस! चाळीस पावलं!"

"हॉर्न. डोंगराची बाजू कुठली?"

"डावी!"

"खडी आहे कडेला?"

"आहे!"

"चाकं खडीत घाल. पहिल्यात ये. ओढ."

डावी चाकं खडीत गेली, ठकी खरवडत खरवडत गेली आणि थांबली. रंगवाला हातात ब्रश घेऊन बॉनेटपाशीच उभा. त्याच्या ब्रशचा पांढरा थेंब बॉनेटवर पडला.

बाई पट्टा सोडून म्हणते, "छान."

मग उतरली, बॉनेट चाचपत नाकाला वळसा घालून उजवीकडे आली आणि म्हणाली, "धूर येतोय. कुठल्या चाकाला?"

मी तिच्याकडे बघितलं. पुढच्या उजव्या चाकातून धुराचा लोट निघत होता. तिच्या समोर, हातभर अंतरावर. ती बरोबर त्याच्याकडे तोंड करून विचारत होती.

कान. बेडूक. लेबलं. काटे वाच, तारीख वाच, तोंडाने बोल. एकेक करून सगळं माझ्या डोक्यात पडलं, फळीवरून डबे पडावेत तसं.

"आत्या, तुला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं," ती म्हणाली. "मधलं गेलं. तीन वर्षं झाली. तुझ्या बाबाला बोलायचं नाही."

२ सप्टेंबर

लेथवाल्याने ठकी दोरीने खाली आणली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडला. आतली रबरी सीलं बाहेर काढली तर फुगून टम्म, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बोटाने दाबली तर पिचली.

"बाई, हे मिनरल तेल आहे. जॅकबिकचं. ब्रेकच्या रबराला ते विष. आधी फुगतं, ब्रेक सुटत नाहीत, तापतात, मग रबरच फाटतं. कुणी ओतलं?"

"मी," आत्या म्हणाली.

"तुम्ही? शक्यच नाही."

"ब्रेकला दुसरं कुणी हातच लावत नाही. मीच भरलं त्या दिवशी. डबा चुकला असणार."

मी तिथेच उभा होतो. चौथ्या डब्याकडे पाठ करून.

लेथवाला गेल्यावर ती बराच वेळ फळीसमोर उभी होती. तिसऱ्या डब्याला हात लावला. चौथ्याला लावला. परत तिसऱ्याला.

"डोळे गेले तेव्हा मी घाबरले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, हात आहेत. सगळं घर माझ्या हातात आहे, कुठे काय ते. ज्या दिवशी हात चुकेल त्या दिवशी आवरायचं, असं ठरवलं होतं. उद्या गॅसचा कॉक चुकेल. तुला मारलंच असतं मी काल."

मग तिने बाबांना फोन लावला. "खोली रिकामी कर. येते मी." बाबा फोनवर एवढे खूष की मला इथपर्यंत ऐकू आलं.

"ठकीला झाक," ती मला म्हणाली.

मी झाकली.

३ सप्टेंबर

कुणालाही माहीत नाही. डबे केव्हाच जागेवर आहेत. मी गप्प बसलो तर जन्मात कुणाला कळणार नाही. बाबा खूष, मी घरी, आत्याला आयतं ताट. सगळ्यांचं भलंच.

सकाळपासून हेच अकरा वेळा स्वतःला सांगितलं. बाराव्यांदा सांगत होतो तर स्वयंपाकघरात ती चहा गाळत होती. कपाच्या कडेला बोट लावून. रोज तसंच करते, थेंब सांडत नाही. आज हात थांबला. तिने कप उचलून हुंगला, चहाच आहे ना बघायला.

महिनाही झाला नाही, या बाईने माझ्या कडीला ग्रीस लावलं होतं.

४ सप्टेंबर

सांगितलं.

सरळ सांगायला जमलं नाही. ती म्हणाली, जाण्याआधी एकदा वही पहिल्यापासून वाच, ठकीचं काय काय केलं ते ऐकू दे. मी पुढून वाचत गेलो. प्लग, पॉइंट, टायर, ड्रम. एकोणतीस ऑगस्टला आलो. "ब्रेक ठीक," वाचलं आणि म्हटलं, "हे खोटं आहे. चाक तापलं होतं. मी सैल केलं आणि लपवलं."

ती म्हणाली, "संपलं?"

"पुढून संपलं," मी म्हटलं. वही उलटी केली आणि अठरा ऑगस्ट वाचलं. सगळं. कंटाळा, चार बोटं, शीळ, फुसका बार. मधे कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

तिने वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग तिने विचारलं, "तिसरा आणि चौथा?"

"हो."

"नऊही डबे आण. टेबलावर ठेव. हवे तसे मिसळ. आणि एकेक हातात दे."

दिले. झाकण उघडायचं, बोट बुडवायचं, चोळायचं, हुंगायचं. इंजिन ऑइल. ग्रीस. जॅक. गिअर ऑइल. ब्रेक. नऊच्या नऊ बरोबर. शेवटचा डबा ठेवताना तिची हनुवटी जरा हलली.

आणि मग खाड्कन माझ्या कानाखाली बसली.

"त्या उतारावर मेला असतास, कळतंय?"

"तू पण."

"माझं सोड, गाढवा! तो रंगवाला? त्याने कुणाचे डबे बदलले होते?"

मी डबे ओळीत लावायला लागलो. चार बोटं अंतर मोजून.

"थट्टा कर," ती म्हणाली. "माणसाची कर, खुर्चीची कर, कडीची कर. ज्या वस्तूवर कुणाचा जीव टांगलाय तिची करायची नाही. ब्रेक, शिडी, औषध, दोर. पाठ कर."

"पाठ केलं."

"आणि मीही काही कमी नाही. नाक चोंदलं होतं, वास येत नव्हता. तरी तुला 'लेबल वाच' म्हटलं नाही. का, तर तुला कळेल म्हणून. तीस वर्षं पोरांना सांगितलं, दिसत नसेल तर भरवशावर गाडी घालू नका. आणि स्वतः घातली." तिने नाक पुसलं. "फोन दे."

बाबांना म्हणाली, "खोली राहू दे तशीच. का म्हणजे? पोरगं अजून कच्चं आहे म्हणून. आणि ऐक, माझ्या डोळ्यांबद्दल तुला काहीतरी सांगायचंय. मधे बोलू नकोस." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नंतर माझी शिक्षा जाहीर झाली. एक, ब्रेकचा प्रत्येक रबराचा तुकडा, प्रत्येक नळी बदलायची. आता ब्रेकला माझा हात, ती फक्त तपासणार. दोन, यापुढे दर रविवारी ठकीला बाहेर काढायची, फिरवायची, पुसायची, वहीत लिहायचं.

"किती रविवार?"

"ठकी मरेपर्यंत किंवा तू."

जन्मठेप! बाईच्या काळजात दयामाया नाही. ठकी तर माझ्यापेक्षा जास्त जगेल. म्हणजे आत्या नसेल तेव्हाही मी आपला इथे रविवारी चाकं पुसत बसायचं? विचारलं तर म्हणे, "हो, तेव्हाही."

१२ सप्टेंबर

सगळ्या नळ्या स्पिरिटने धुतल्या. नवी सीलं, नव्या नळ्या. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. आत्या पेडलवर, मी खाली बाटली घेऊन. "दाब." "दाबला." "धर." "धरला." "सोड." चाळीस वेळा. जुनं लग्न झालेली जोडपी असंच बोलत असतील.

लेथवाल्याकडून पत्र्याचे तुकडे आणले आणि डब्यांच्या झाकणांवर डाग देऊन बसवले. ब्रेकच्या झाकणावर एक मोठा त्रिकोण, बोट लागलं की कळतोच. जॅकच्या झाकणावर रबरी बेडूक चिकटवला. आत्याने हात फिरवला. "म्हणजे याला विसरायचं नाही, असं."

"मी विसरणार नाही, असं," मी म्हटलं.

२१ सप्टेंबर

फेरी.

एकतीस गाड्या. सगळ्यात बुटकी आमची. निघण्याआधी टायरची हवा थंड असताना बघितली, ऑइल बघितलं, पाणी बघितलं, ब्रेक ऑइल बघितलं, लेबल मोठ्याने वाचलं आणि वरून तिने हुंगलं. फेरीचा तपासनीस हसायला लागला. हसू दे.

चढलो दुसऱ्यात. "उजवीकडे लाल गाडी, धूर ओकतेय, मालक घामाघूम, आपण पंच्याऐंशी डिग्री, दाब झकास, कडेला दोन पोरं हात हलवतायत." तिने हात हलवला. अचूक त्यांच्याकडे. "ओरडतायत ना, ऐकू येतंय," म्हणाली.

उतरलोही दुसऱ्यातच. मागे एक चकचकीत नवी गाडी लागली, हॉर्नवर हॉर्न. महिन्यापूर्वी मी त्याला असा खेळवला असता की त्याने हॉर्न काढून विकला असता. कडेला घेतली, हात केला, जा बाबा.  त्या तिसऱ्या वळणावर आता कठडा पांढराशुभ्र आहे. तिथे माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. ब्रेक होता.

खाली शेवटची परीक्षा असते. पांढऱ्या पट्ट्यावर गाडी थांबवायची. गर्दी दोन्ही बाजूंना. पट्टा आला तेव्हा बघतो तर बाईच्या हातात पाण्याचा पेला. काठोकाठ. कुठून काढला, केव्हा भरला, देव जाणे.

"पट्टा किती?"

"वीस पावलं. दहा. पाच."

पाहुण्यासारखा दाबला. ठकी पट्ट्यावर टेकली, पान पाण्यावर टेकावं तशी. पेल्यातलं पाणी एकदा काठाला लागलं आणि परत गेलं. एक थेंब नाही. लेथवाल्याने शिट्टी मारली. तपासनीसाने टाळी वाजवली.

मी सीटचा पट्टा सोडला, तिच्याकडे वळलो आणि म्हटलं, "काय मग, आत्या?"

ती माझ्या कानाकडे बघून हसली. आणि अख्खा पेला माझ्या तोंडावर मारला. बरोबर मधोमध.

आणि म्हणे मधलं दिसत नाही.